सिमटॉवर आणि उंच इमारतींचे गेम: सगळा खेळ लिफ्टचा

अर्धा_मजला

उंच इमारत बांधायची, तिच्यात भाडेकरू आणायचे आणि ती नीट चालवायची, या प्रकारच्या गेमचा मूळपुरुष म्हणजे सिमटॉवर. जपानमध्ये युट सायतो यांच्या ओपनबुक कंपनीने तो बनवला, तिकडे त्याचं नाव 'द टॉवर'. १९९४ मध्ये मॅक्सिस या गेम कंपनीने तो सिमटॉवर म्हणून बाहेरच्या जगात आणला आणि तो सिमसिटी या शहर वसवायच्या गेमच्या घराण्यात जमा झाला. तेव्हापासून त्याची ओळख 'उभी सिमसिटी' अशीच करून दिली जाते. मला ती अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

सायतो यांच्या डोक्यात मुळात इमारत नव्हतीच, लिफ्ट होती. त्यांना लिफ्टचं सिम्युलेशन करायचं होतं. लिफ्ट कशा चालतात, त्यांचं नियोजन कसं करतात हे समजून घ्यायला ते एका लिफ्ट कंपनीकडे गेले होते आणि कंपनीने माहिती द्यायला नकार दिला होता. हे एकदा कळलं की गेममधले चमत्कारिक वाटणारे नियम भराभर उलगडतात.

जमिनीच्या वर १०० मजले, खाली १० तळघरं. पूर्ण टॉवरला मिळून फक्त २४ लिफ्ट शाफ्ट (लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते ती उभी पोकळी), एका शाफ्टमध्ये जास्तीत जास्त ८ केबिन. साधी लिफ्ट ३० मजल्यांपेक्षा जास्त जात नाही. एक्स्प्रेस लिफ्ट कितीही उंच नेता येते, पण ती जमिनीच्या वर फक्त लॉबीला थांबते, आणि लॉबी बांधता येते तळमजल्यावर आणि मग १५, ३०, ४५ अशी दर पंधराव्या मजल्यावर. आणि सगळ्यात कडक नियम असा, की माणूस वाटेत एकदाच लिफ्ट बदलतो. दोन लिफ्टमध्ये पोचता येत नसेल तर तो मजला त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही.

आता बघा. एका ऑफिसात ६ माणसं. सकाळी सगळी जवळपास एकाच वेळी येणार, दुपारी खायला उतरणार, परत चढणार, संध्याकाळी घरी जाणार. लिफ्टसमोर उभा असलेला माणूस पडद्यावर आधी काळ्या रंगात दिसतो, ताटकळला की गुलाबी होतो, आणखी ताटकळला की लाल. लाल माणसांची ऑफिसं रिकामी होतात. म्हणजे तुम्ही भाडं किती लावू शकता हे लिफ्टपुढच्या रांगेवर ठरतं. पैसे असूनही साठावा मजला बांधता येत नाही असा प्रसंग या गेममध्ये हमखास येतो, कारण तिथल्या लोकांना वर न्यायला शाफ्टच उरलेला नसतो. उंचीची किंमत पैशात मोजायचीच नाही, लोकांच्या मिनिटांत मोजायची, असं सांगणारा दुसरा बांधकामाचा गेम माझ्या तरी पाहण्यात नाही.

तुमचे अनुभव लिहा. प्रोजेक्ट हायराइज किंवा टायनी टॉवर खेळणाऱ्यांनीही यावं.

ओहोळ

वा, छान धागा! मी हल्लीच खेळायला लागलोय, त्यामुळे थेट प्रश्नच विचारतो. गेम टॉवरचा दर्जा ताऱ्यांत मोजतो. माझी लोकसंख्या ५००० च्या पुढे गेली, पण तीन ताऱ्यांवरून टॉवर हलत नाहीये. ऑफिसं भरलेली आहेत, पैसा आहे. काय राहिलं असेल?

अर्धा_मजला

ओहोळ, नुसती लोकसंख्या पुरत नाही. दुसऱ्या ताऱ्याला ३०० माणसं आणि तिसऱ्याला १००० असं ते सोपं वाटतं, पण तिसऱ्यालाच सुरक्षा कक्ष लागतो आणि चौथ्यापासून अटी वाढतात. वैद्यकीय केंद्र आहे का? पुनर्वापर केंद्रं एवढ्या वस्तीला पुरतात का? कचरा वाढला की एक पुरत नाही. हे दोन्ही असेल तर बहुतेक तुमचं घोडं व्हीआयपी पाहुण्यापाशी अडलंय. तो हॉटेलच्या सुइटमध्ये उतरतो आणि खूश होऊन गेला तरच चौथा तारा. खोली साफ हवी, गाडी लावायला जागा हवी आणि त्याला लिफ्टसाठी थांबावं लागता कामा नये. सुइट कुठल्या मजल्यावर आहे तुमचा?

ओहोळ

बावीसाव्या. पंधराव्याच्या लॉबीवरून जी साधी लिफ्ट वर जाते त्याच लिफ्टवर ऑफिसं पण आहेत.

अर्धा_मजला

मग तिथेच दुखणं आहे. हॉटेल आणि ऑफिसं एका शाफ्टवर ठेवू नका. हॉटेलचे पाहुणे संध्याकाळी वर चढतात आणि त्याच वेळी ऑफिसवाले घरी जायला खाली उतरतात. दोघांची गर्दी एकमेकांवर आदळते. शाफ्टवर क्लिक करून ठरावीक मजल्यांवरचे थांबे बंद करता येतात. एक शाफ्ट हॉटेलच्या मजल्यांना आणि लॉबीला थांबेल एवढाच ठेवा. सफाई कामगारांना वेगळी सर्व्हिस लिफ्ट द्या, नाहीतर खोल्या वेळेत साफ होत नाहीत, झुरळं होतात आणि ती शेजारच्या खोल्यांत पसरतात.

सातवी_पायरी

मी इमारतींमधल्या लिफ्टच्या नियोजनाचं काम करते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

अर्धा_मजला, तुम्ही जो मुद्दा मांडलाय तो आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. लिफ्टची क्षमता मोजताना आम्ही विचारतो, की पाच मिनिटांत इमारतीतल्या किती टक्के लोकांना हलवता येईल? आणि एक केबिन तळाहून निघून, वर लोक सोडून परत तळाशी यायला किती वेळ घेते? या दोन आकड्यांवर लिफ्टची संख्या ठरते. मजले वाढले की फेरीचा वेळ वाढतो, मग लिफ्ट वाढवाव्या लागतात, लिफ्ट वाढल्या की शाफ्ट प्रत्येक मजल्याची जागा खातात, आणि भाड्याने द्यायची जागा कमी होते. एका उंचीनंतर आणखी मजले चढवून मिळणारी जागा खालच्या शाफ्टमध्येच जाते. गेममधली २४ शाफ्टची मर्यादा म्हणजे हीच अडचण एका आकड्यात बसवलेली आहे, आणि मला ती फार हुशारीची वाटते.

स्काय लॉबी ही कल्पना तर सरळ खऱ्या इमारतींतून आलेली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुन्या ११० मजली मनोऱ्यांत ४४ आणि ७८ व्या मजल्यावर स्काय लॉबी होत्या. मोठ्या एक्स्प्रेस लिफ्ट तिथवर न्यायच्या, पुढे लोकल लिफ्ट. खरी गंमत लोकल लिफ्टची होती: एकाच उभ्या शाफ्टमध्ये तीन वेगवेगळ्या लोकल लिफ्ट एकीवर एक बसवलेल्या. त्यामुळे पायाशी शाफ्टची गर्दी झाली नाही. ही रचना शहराच्या भुयारी रेल्वेतल्या लोकल आणि एक्स्प्रेस गाड्यांवरून सुचलेली. बुर्ज खलिफातही ४३, ७६ आणि १२३ व्या मजल्यावर स्काय लॉबी आहेत.

अजून एक. लोक समजतात सकाळची गर्दी सगळ्यात अवघड. सकाळी सगळे एकाच दिशेने जातात, ते सांभाळता येतं. दुपारी जेवणाच्या वेळी निम्मे खाली, निम्मे वर, शिवाय मधल्या मधल्या मजल्यांवर जाणारे वेगळे. आजच्या ऑफिस इमारतीत लिफ्टची खरी कसोटी दुपारीच लागते.

अर्धा_मजला

सातवी_पायरी ताई, फार सुंदर प्रतिसाद! तुमच्या शेवटच्या परिच्छेदावरून सांगतो: सिमटॉवरचं घड्याळ एकसारखं चालत नाही. सकाळ भर्रकन जाते, पण बारा ते एक हा एक तास गेम मुद्दाम लांबवतो. सकाळच्या पाच तासांपेक्षाही तो जास्त वेळ चालतो. बनवणाऱ्याला दुपार किती महत्त्वाची वाटली असेल ते यातून दिसतं.

शून्यापासून

आमच्या संगणकाच्या बाजूनेही थोडं लिहितो.

साधी लिफ्ट ज्या नियमाने चालते तो असा: वर निघालीस तर वरचे सगळे थांबे संपेपर्यंत वरच जा, मग फिर आणि खालचे घे. हार्ड डिस्कचं हेड चकतीवरून फिरवायला हीच पद्धत वापरत आणि तिला सर्रास लिफ्ट अल्गोरिदम म्हणतात. डोनाल्ड क्नुथ यांनी १९६८ मध्ये 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या पहिल्या खंडात अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठाच्या गणिताच्या इमारतीतली लिफ्ट सिम्युलेशनचं उदाहरण म्हणून घेतली होती. म्हणजे हा विषय अभ्यासकांच्या हातात गेमच्या कितीतरी आधीपासून होता.

सिमटॉवर खेळताना एका शाफ्टमध्ये सहा-सात केबिन टाकल्या तरी रांग का हटत नाही, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं कारण केबिनांचा घोळका. एक केबिन जरा रेंगाळली की तिच्यापुढे जास्त लोक साठतात, ते घ्यायला ती आणखी थांबते. मागून येणारीला कमी लोक मिळतात, ती झपाझप येऊन पहिलीला गाठते. थोड्या वेळाने सगळ्या केबिन एकत्र वर आणि एकत्र खाली. सहा केबिनचं काम एका मोठ्या केबिनसारखं होऊन बसतं.

उपाय गेममध्येच आहे. प्रत्येक केबिनला रिकामी असताना कुठे थांबायचं तो मजला ठरवून देता येतो. सगळ्यांना लॉबीत उभं करू नका. दोन लॉबीत, एक मध्यावर, एक वरच्या टोकाला अशा पसरवा. फरक लगेच दिसतो.

निशाचर

सगळं मान्य, पण प्रोजेक्ट हायराइजची बाजू कोणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो.

सोमासिमचा हा गेम २०१६ चा. त्यात लिफ्ट आहेत, पण लिफ्टच्या रांगेवर जीव टांगलेला नाही. त्याऐवजी भिंतींच्या आड काय चालतं ते दिसतं. वीज, टेलिफोन, पाणी, गॅस, केबल टीव्ही. प्रत्येक मजल्यावर तारा आणि नळ ओढायचे, त्यांच्यासाठी छोट्या खोल्या बांधायच्या, तळघरात यंत्रसामग्री. उपाहारगृहाला गॅस आणि पाणी दोन्ही हवं, ऑफिसला टेलिफोन हवा. कचरा कुठून बाहेर जातो, वास कुणाच्या दारात येतो, आवाज कुणाला त्रास देतो यावर भाडेकरूची मर्जी. खरी इमारत अशीच चालते ना? रांगेत उभं राहणं हा दिवसातला थोडा वेळ. नळाला पाणी नसेल तर अख्खा दिवस वाया.

शिवाय प्रतिष्ठा वाढवत न्यायची, सल्लागार नेमायचे, कंत्राटं पूर्ण करायची, यात नियोजनाला पुष्कळ वाव आहे. मला त्यातला धीमा वेग आवडतो.

अर्धा_मजला

निशाचर, हायराइज मीही मनापासून खेळलोय, आणि तारा-नळांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. चांगला गेम आहे. तरी एक फरक सांगतो. हायराइजमधली अडचण एकदा सोडवली की सुटते. नळ ओढला, काम झालं. सिमटॉवरमधली अडचण कधीच कायमची सुटत नाही, कारण ती लोकांनी बनलेली आहे. तुम्ही चाळीसाव्या मजल्यावर नवी ऑफिसं उघडलीत की त्याचा ताण तळमजल्यावरच्या एक्स्प्रेसला बसतो, आणि तिथे रांग वाढली की सत्तराव्या मजल्यावरचा कुणीतरी लाल होतो, ज्याच्या आसपास तुम्ही काहीच बदललेलं नाही. लांबच्या गोष्टी अशा एकमेकींना बांधलेल्या असणं, हे मला मोलाचं वाटतं.

आवाजाचं म्हणाल तर सिमटॉवरमध्येही आहे. फ्लॅटला लागून ऑफिस आलं की राहणारे वैतागतात. फ्लॅट तिथे भाड्याने जात नाहीत, एकदाच विकले जातात, आणि रहिवासी कंटाळून निघून गेला तर त्याचे पैसे परत करावे लागतात. सुरुवातीला रोकड कमी असते तेव्हा फ्लॅट विकून पैसा उभा करायचा मोह होतो. वाईट नाही, पण ते फ्लॅट लॉबीच्या जवळ आणि ऑफिसांपासून लांब ठेवा.

निशाचर

'लोकांनी बनलेली अडचण' हे मात्र पटलं. पण मग एक विचारतो: एकदाच लिफ्ट बदलायचा नियम खऱ्या जगात कुठे आहे? माणूस गरज पडली तर तीनदाही बदलेल.

सातवी_पायरी

कायदा असा नाही. पण नियोजनात आम्ही कसोशीने टाळतो. प्रत्येक बदलाला पुन्हा थांबणं आलं, आणि चालत्या केबिनमधल्या एका मिनिटापेक्षा दारापुढे उभं राहून काढलेला एक मिनिट माणसाला फार मोठा वाटतो. आमच्याकडे थांबण्याचा वेळ आणि प्रवासाचा वेळ वेगवेगळे मोजतात ते त्यासाठीच. गेमने तो त्रास सरळ बंदीत बदलला. खेळायला सोपं झालं आणि अर्थ फारसा बिघडला नाही.

गेममध्ये एक गोष्ट नाही, ती म्हणजे आधीच मजला विचारणारी लिफ्ट. १९९० च्या दशकात शिंडलरने ती पद्धत बाजारात आणली. बाहेरच्या पाटीवर जायचा मजला दाबायचा आणि यंत्रणा सांगते कुठल्या लिफ्टपाशी उभं राहायचं. एकाच भागात जाणारे लोक एका केबिनमध्ये येतात, थांबे कमी होतात, फेरी लवकर संपते. सिमटॉवरमध्ये हेच काम तुम्ही थांबे बंद करून हाताने करता. एक शाफ्ट खालच्या मजल्यांना, एक वरच्या मजल्यांना. ओहोळ यांना वर जो सल्ला दिलाय तो याच तत्त्वाचा.

मधली_सुट्टी

सगळे लिफ्टवर बोलताय, पण या गेमचा आवाज कुणालाच आठवत नाही का? त्यात पार्श्वसंगीत नाही. जिथे नजर न्याल तिथला आवाज येतो: ऑफिसातली कुजबुज, लिफ्टची घंटी, उपाहारगृहातला गलका. डोळे मिटूनही कळतं इमारतीचा कुठला भाग आहे ते. आणि वर्ष संपताना सांताक्लॉज पडद्यावरून जातो, ते बघायला मी कामं सोडून बसायचे.

माणसाला नाव देता येतं हेही सांगायला हवं. एखाद्यावर क्लिक करायचं, नाव ठेवायचं, नंतर तो कुठे आहे ते शोधता येतं. मी एका ऑफिसमधल्या माणसाला नाव दिलं होतं आणि त्याची रोजची वाट बघत बसायचे. तो लाल झाला की त्याच्यासाठी लिफ्ट वाढवायचे. एका माणसाचा दिवस सुधारावा म्हणून अख्खा टॉवर हलवायचा, हे मला अजूनही चुकीचं वाटत नाही.

अर्धा_मजला

मधली_सुट्टी, +१. माझ्याकडूनही हा मुद्दा राहिला होता. माणसं आकडा म्हणून येत नाहीत तिथे. प्रत्येकाचं ठिकाण आणि वेळापत्रक वेगळं ठेवलेलं आहे.

कोरा_कागद

आताच्या संगणकावर चालतो का? जुनी प्रत आहे घरी.

शून्यापासून

तो १६-बिट विंडोजसाठी लिहिलेला आहे, त्यामुळे ६४-बिट विंडोजवर नुसता डबल क्लिक करून उघडणार नाही. डॉसबॉक्स या जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात विंडोज ३.१ बसवून त्यात चालवणं हा एक मार्ग. दुसरा, १६-बिट प्रोग्रॅम चालवणारं विनईव्हीडीएम नावाचं साधन. ते हलकं आहे, आधी ते बघा. ओपनस्कायस्क्रेपर नावाचा मुक्त स्रोत प्रकल्पही आहे, त्यात सिमटॉवर नव्याने लिहायचा प्रयत्न झालाय. कोड वाचायची आवड असेल तर जरूर बघा.

वळणवाट

युट टॉवरचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून. १९९८ चा, सायतो यांचाच. हवाई, टोकियो आणि जपानमधला केगॉन धबधबा अशा तीन जागा. धबधब्याच्या जागी टॉवर कड्यावरून खाली बांधत न्यावा लागतो, त्यामुळे सगळी सवय उलटी होते. लोक वरून येणार आणि खाली जाणार! सिमटॉवर पुरेसा झाला असं वाटणाऱ्यांनी तो शोधावा. गेमबॉय ॲडव्हान्सवर 'द टॉवर एसपी' पण आला होता.

टायनी टॉवरबद्दल थोडक्यात: २०११ चा मोबाइल गेम, दिसायला गोड आहे. पण त्यात लिफ्ट म्हणजे बोटाने वर नेऊन सोडायची गोष्ट. या धाग्यातल्या चर्चेचं त्यात काही सापडणार नाही.

ओहोळ

अपडेट देतो. हॉटेलचा शाफ्ट वेगळा केला, केबिनांचे थांबायचे मजले पसरवले. व्हीआयपी खूश होऊन गेला, चौथा तारा मिळाला! सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढचं विचारतो. फास्ट फूड सगळं तळघरात आहे आणि दुपारी एक्स्प्रेस पूर्ण भरते. काही वर हलवू का?

अर्धा_मजला

अभिनंदन! होय, हलवा. तळघरात ठेवण्याची सोय अशी, की एक्स्प्रेस तळघरांच्या प्रत्येक मजल्यावर थांबते, म्हणजे वरचा माणूस लोकल आणि एक्स्प्रेस अशा दोन लिफ्टमध्ये तिथे पोचतो. पण मग दुपारी अख्खा टॉवर तुमच्या एक्स्प्रेसवर येतो. प्रत्येक पंधरा मजल्यांच्या पट्ट्यात थोडं फास्ट फूड ठेवा, शक्यतो लॉबीच्या एक-दोन मजले वर. तिथे जवळच्यांसाठी जिने आणि सरकते जिने द्या, म्हणजे ती माणसं लिफ्टकडे वळतच नाहीत. मात्र जिने आणि सरकते जिने मिळून ६४ ची मर्यादा आहे, ते लॉबीच्या आसपासच खर्च करा. तळघरातलं सगळं बंद करू नका, बाहेरून येणारं गिऱ्हाईक तिथेच जातं.

पाचव्या ताऱ्याला १०,००० लोक आणि मेट्रो स्टेशन लागेल. स्टेशन तळघरात खोल जातं, तेव्हा खालची जागा आत्ताच पार्किंगने भरून टाकू नका.

सातवी_पायरी

मेट्रो आली की तळमजल्याची गर्दी दोन ठिकाणी विभागते, पण एक्स्प्रेसला खालूनच लोक भरून मिळतात आणि तळमजल्यावरचे ताटकळतात. जमल्यास एखादा एक्स्प्रेस शाफ्ट असा ठेवा, जो मेट्रोच्या मजल्यापर्यंत जातच नाही.

ओहोळ

हे लिहून ठेवतो. आणि पाच ताऱ्यांनंतरचा शेवटचा 'टॉवर' दर्जा? १५,००० लोक आणि शंभराव्या मजल्यावर कॅथेड्रल असं वाचलं. तिथे माणसं पोचवायची कशी, एक्स्प्रेस तर नव्वदलाच संपते?

अर्धा_मजला

बरोबर, शेवटची लॉबी नव्वदाव्या मजल्यावर. तळमजला ते ९० एक्स्प्रेस, मग ९० ते १०० साधी लिफ्ट. दोन लिफ्ट झाल्या, नियमात बसलं. कॅथेड्रलमधलं लग्न सुट्टीच्या दिवशी लागतं, त्या दिवशी ऑफिसं बंद असतात, त्यामुळे एक्स्प्रेस बऱ्यापैकी मोकळी मिळते. अडचण येते ती वेगळीच: तोपर्यंत बहुतेकांचे २४ शाफ्ट संपलेले असतात आणि वरच्या दहा मजल्यांसाठी खालचं काहीतरी तोडावं लागतं. तुमचे आत्ता किती झालेत ते मोजा आणि एक शाफ्ट आजच बाजूला काढून ठेवा.